जपानची १९८० च्या दशकातील उन्हाळी गाणी: त्यांतली हुरहूर मुळातली की आपण चढवलेली?

सागरिका (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

१९८० च्या दशकातील जपानी उन्हाळी गाण्यांविषयी एक प्रश्न बरेच दिवस मनात घोळतो आहे. आपल्यापैकी काही जण जपानमध्ये राहतात, काहींनी पुण्यात जपानी भाषेच्या वरच्या परीक्षा दिल्या आहेत आणि काही जण संगीताचे जाणकार आहेत, म्हणून तो इथे सविस्तर मांडते.

जून २०२४ मध्ये तोक्यो डोम येथे न्यूजीन्स या कोरियन गटाचा कार्यक्रम झाला आणि त्यात हान्नी या गायिकेने सेइको मात्सुदा यांचे ‘आओइ सांगोशो’ (निळे प्रवाळखडक) हे गाणे म्हटले. मूळ गाणे जुलै १९८० चे; शब्द योशिको मिउरा यांचे आणि चाल युइचिरो ओदा यांची. हान्नीचा जन्म २००४ चा, ऑस्ट्रेलियातला, व्हिएतनामी कुटुंबातला. गाणे आले तेव्हा तिच्या जन्माला चोवीस वर्षे अवकाश होता, आणि जपानी ही तिची घरची भाषाही नव्हे. तरीही तिच्या त्या गाण्याला तिथल्या श्रोत्यांनी जी दाद दिली, ती चित्रफितीत ऐकताना माझ्याही अंगावर काटा आला. मी तर त्या उन्हाळ्याशी तिच्याइतकीही जोडलेली नाही.

त्यानंतर मी त्या दशकातील गाणी शोधून शोधून ऐकू लागले. एइची ओताकी, तात्सुरो यामाशिता, आन्री, कियोताका सुगियामा आणि ओमेगा ट्राइब, सदर्न ऑल स्टार्स अशी नावे एकामागून एक समोर येत गेली. चाली बहुतेक प्रसन्न आहेत, ताल चालता आहे, शब्दांत समुद्र, वारा, वळणाचा रस्ता आणि पांढरी छत्री आहे. असे असूनही ऐकून झाल्यावर मन भरून येते, काहीतरी हातातून निसटल्यासारखे वाटते.

माझ्या एका मित्राचे म्हणणे असे की ही हुरहूर गाण्यांत नाहीच. १९८१ साली ती नवी, चकचकीत, मोटारीत लावण्याजोगी गाणी होती. त्यांना आठवणींचा रंग आपण दिला, तोही इंटरनेटवर गुलाबी संध्याकाळची चित्रे आणि ही गाणी एकत्र जोडली गेल्यानंतर. हे मला मनापासून पटत नाही, परंतु माझ्याजवळ ते खोडून काढण्याइतकी माहितीही नाही.

तर जाणकारांनी सांगावे: ही हुरहूर गाणी तयार होतानाच त्यांच्यात घातली गेली होती का? असेल तर ती नेमकी कुठे आहे, शब्दांत, चालीत की त्या काळाच्या परिस्थितीत? उन्हाळाच का, हाही प्रश्न त्याला लागून येतो, कारण बाहेरच्यांना जपान म्हटले की आधी वसंत आणि साकुरा आठवतो. आणि ज्याला या गाण्यांचा नीट अभ्यास करायचा आहे, त्याने सुरुवात कोठून करावी, हेही कळले तर बरे होईल.

रेकॉर्डप्रेमी

सागरिकाताई, आपल्या मित्राचे म्हणणे एका गाण्याच्या जन्मकथेवर तपासून पाहू. एवढ्या एका कथेवरून सगळ्या दशकाचा निवाडा होणार नाही हे मान्य, तरी त्यातून बरेच उलगडते.

एइची ओताकी यांचा ‘अ लाँग व्हेकेशन’ हा अल्बम २१ मार्च १९८१ रोजी प्रसिद्ध झाला. जपानमधील उन्हाळी संगीताचा विषय निघाला की आजही पहिले नाव याचेच घेतले जाते. त्यातील बहुतेक गाण्यांचे गीतकार ताकाशी मात्सुमोतो. हे दोघे १९७० च्या सुमारास ‘हॅपी एंड’ या गटात एकत्र होते. जपानी भाषेत रॉक गाता येते की नाही, हाच त्या वेळी वादाचा विषय होता, आणि ते येते हे ज्यांनी आपल्या कामातून दाखवले त्यांत हा गट अग्रभागी होता. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. मात्सुमोतो व्यावसायिक गीतकार म्हणून नावारूपाला आले, तर ओताकी यांच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रिका फारशा खपेनात. अशा वेळी ओताकी यांनी जुन्या मित्राला नव्या अल्बमचे शब्द लिहिण्याची विनंती केली.

हा अल्बम खरे तर १९८० च्या उन्हाळ्यात यायचा होता. परंतु मात्सुमोतो यांची धाकटी बहीण, जिला लहानपणापासून हृदयविकार होता, त्याच सुमारास वारली. त्यांना एक ओळ लिहिणे अशक्य झाले, म्हणून त्यांनी ओताकी यांना दुसरा गीतकार पाहण्यास सांगितले. ओताकी यांनी ते मानले नाही. तुमच्याच शब्दांसाठी हा अल्बम आहे, तुम्ही लिहिते होईपर्यंत मी थांबतो, अशी त्यांची भूमिका होती, आणि ते खरोखरच थांबले. बहिणीच्या मृत्यूनंतर शिबुया भागातून चालताना सगळे शहर रंग उडाल्यासारखे दिसत होते, असे मात्सुमोतो यांनी पुढे सांगितले आहे. अल्बममधील पहिले गाणे ‘किमी वा तेन्नेनशोकु’ याचा गाभा तोच आहे: आठवणी कृष्णधवल झाल्या आहेत, त्यांत कुणीतरी रंग भरावा, ही त्यातील विनवणी. वरकरणी ते दुरावलेल्या प्रेयसीला उद्देशून लिहिलेले, अतिशय आनंदी चालीचे गाणे आहे, आणि त्यामागचे दुःख ठाऊक नसलेल्या लाखो लोकांनी ते समुद्रकिनाऱ्यावर जाताना मोटारीत लावले.

आता ध्वनिमुद्रणाकडे पाहा. अमेरिकी निर्माते फिल स्पेक्टर यांनी १९६० च्या दशकात अनेक वादक एकाच खोलीत एकाच वेळी वाजवून ध्वनीची जणू भिंत उभी करण्याची जी पद्धत आणली, तिचा ओताकी यांना ध्यास होता. त्यांनी तोक्योतील स्टुडिओत गिटारवादकांचा आणि पियानोवादकांचा ताफाच एकत्र बसवला. सगळ्यांनी तेच स्वर एकत्र वाजवायचे, म्हणजे कोणताही एक पियानो ओळखू येत नाही आणि सगळे मिळून एक झगमगता, किंचित धूसर नाद तयार होतो. याचा अर्थ असा की १९८१ साली हा नाद नवा नव्हताच. तो त्या वेळच्या तिशीतल्या माणसांना आपल्या शाळकरी वयात रेडिओवर ऐकलेल्या अमेरिकी गाण्यांची आठवण करून देण्यासाठी मुद्दाम घडवलेला होता. ज्या गाण्याला आज आपण जुन्या काळाची खूण समजतो, ते जन्मतःच वीस वर्षे मागे पाहत होते. आपल्या मित्राला मी एवढेच सांगेन.

आणि कव्हर अवश्य पाहा. हिरोशी नागाई यांचे ते चित्र: निळे आकाश, पोहण्याचा तलाव, माडाची झाडे, पलीकडे समुद्र. उजेड दुपारचा आहे, सावल्या धारदार आहेत, पाणी स्थिर आहे आणि चित्रात माणूस एकही नाही. कुणी नुकतेच उठून गेले आहे की कुणी आलेच नाही, हे चित्र सांगत नाही. याच नावाचे नागाई यांच्या चित्रांचे आणि ओताकी यांच्या मजकुराचे पुस्तक १९७९ मध्ये, म्हणजे अल्बमच्या आधी, निघाले होते. तेव्हा ही रिकामी सुट्टी गाण्यांच्याही आधीची आहे.

हा अल्बम दहा लाखांहून अधिक खपला, आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी जगातील पहिल्या सीडी जपानमध्ये विक्रीला आल्या तेव्हा त्या पहिल्या यादीत त्याचाही समावेश होता. ओताकी यांचा जन्म इवाते प्रांतातला, म्हणजे ईशान्येच्या थंड मुलखातला, आणि या उन्हाळी अल्बमचे शेवटचे गाणे सैबेरियाच्या रेल्वेवर आहे. मला हे नेहमी फार अर्थपूर्ण वाटत आले आहे: ज्याच्या वाट्याला ऊन कमी आले, त्यानेच उन्हाचे एवढे मोठे चित्र उभे केले.

विदिशा

रेकॉर्डप्रेमी यांचा प्रतिसाद वाचून आनंद झाला, तरी एका बाबतीत मला वेगळे म्हणायचे आहे. एका गीतकाराचे दुःख हे एका गाण्याचे स्पष्टीकरण होऊ शकते. संपूर्ण दशक उन्हाळ्यानेच का भारले होते, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. ते उत्तर बरेचसे जाहिरातींत आहे.

१९७८ चा उन्हाळा घ्या. शिसेइदो या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने एइकिची याझावा यांचे ‘जिकान यो तोमारे’ आपल्या उन्हाळी मोहिमेसाठी वापरले, तर प्रतिस्पर्धी कानेबोने सर्कस या गटाचे ‘मिस्टर समरटाइम’. दोन्ही गाणी देशभर गाजली. १९८० मध्ये यामाशिता यांचे ‘राइड ऑन टाइम’ मॅक्सेल कॅसेटच्या जाहिरातीतून घराघरांत पोचले. १९८३ चे त्यांचे ‘कोकिआत्सु गर्ल’ ऑल निप्पॉन एअरवेजच्या ओकिनावा मोहिमेसाठी होते, आणि १९८५ चे ओमेगा ट्राइबचे ‘फुतारी नो नात्सु मोनोगातारी’ जपान एअरलाइन्सच्या सहलींसाठी. विमान कंपन्यांना दक्षिणेकडील बेटे विकायची होती, प्रसाधन कंपन्यांना उन्हात टिकणारा रंग विकायचा होता, आणि या दोन्हींसाठी वर्षातला एकच ऋतू कामाचा होता. उन्हाळाच का, या आपल्या प्रश्नाचे हे माझ्या मते सर्वांत सरळ उत्तर आहे.

यामुळे गाणी हलकी ठरतात असे मी मुळीच म्हणत नाही. उलट त्यांतील ओढ याच मुळे खरी आहे, असे मला वाटते. १९८० च्या दशकारंभी सामान्य जपानी नोकरदाराला सलग लांब सुट्टी मिळत नसे. परदेशी जाणाऱ्या जपानी प्रवाशांचा वार्षिक आकडा एक कोटीच्या पुढे गेला तो १९९० मध्ये, येन वधारल्यानंतर. म्हणजे ही गाणी ज्यांनी प्रथम ऐकली, त्यांतील बहुतेकांनीही तो प्रवाळाचा समुद्र पाहिलेला नव्हता. १ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन बाजारात आला. कामावर जाताना गच्च भरलेल्या गाडीत उभे राहून कानात सैपान बेटाची लाट ऐकणारा तो श्रोता आणि आज पुण्यात बसून तीच लाट ऐकणाऱ्या आपण, या दोघांमधले अंतर आपल्या मित्राला वाटते तितके मोठे नाही. जो उन्हाळा आपण जगलो नाही त्याची ओढ वाटणे, हे परक्या श्रोत्याचे वेगळेपण नसून मूळ श्रोत्याचाही तोच अनुभव होता.

कानागावाकर

मी गेली अनेक वर्षे शोनान किनाऱ्याजवळ राहतो, म्हणून या गाण्यांतील प्रत्यक्ष भूगोलाविषयी लिहितो.

आधी हवामान, कारण त्यावाचून पुढचे समजणार नाही. आपल्याकडे पाऊस आला की उन्हाळा संपतो. इथे पाऊस संपला की उन्हाळा सुरू होतो. जूनच्या पूर्वार्धात त्सुयू, म्हणजे आषाढासारखा संततधार पाऊस लागतो, आणि जुलैच्या मध्यापासून पुढे केव्हातरी हवामान खाते तो संपल्याचे जाहीर करते. त्याच सुमारास शाळांना सुट्टी लागते आणि बहुतेक भागांत ती ऑगस्टअखेर संपते. मध्येच ओबोन येतो, आपल्या पितृपक्षाशी नाते सांगणारा, साधारण १३ ते १६ ऑगस्टचा. घरोघरची माणसे मूळ गावी जातात, पूर्वजांच्या स्वागताला दिवे लागतात आणि निरोपालाही. ओबोननंतर समुद्रात उतरू नये, जेलीफिश येतात, असे इथली वडीलधारी माणसे मुलांना बजावतात. किनाऱ्यावर उन्हाळ्यापुरत्या उभारलेल्या लाकडी खानावळी ऑगस्ट सरता सरता मोडायला घेतात. ऊन तर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भाजून काढत असते, परंतु उन्हाळा मात्र संपलेला असतो. एखाद्या ऋतूला अशी ठरलेली शेवटची तारीख असली की त्याच्या मध्यावरच त्याच्या शेवटाची जाणीव सुरू होते, आणि इथली उन्हाळी गाणी त्या जाणिवेतून लिहिली गेली आहेत. रेकॉर्डप्रेमी आणि विदिशाताई या दोघांच्या म्हणण्यात मला तथ्य दिसते, पण मला विचाराल तर मूळ कारण हे वेळापत्रक आहे.

आता शोनान. कामाकुरा, एनोशिमा, चिगासाकी हा सगळा पट्टा तोक्योपासून लोकल गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. सदर्न ऑल स्टार्सचे केइसुके कुवाता हे चिगासाकीचेच. जून १९७८ मधील त्यांच्या पहिल्याच गाण्यात, ‘कात्ते नि सिंदबाद’मध्ये, चिगासाकीचे नाव येते, आणि या साध्याशा गावाचा नकाशाच त्यामुळे बदलून गेला. तिथला पोहण्याचा किनारा आज ‘सदर्न बीच’ या नावाने ओळखला जातो. स्टेशनवर गाडी सुटताना जी धून वाजते, ती २०१४ पासून त्यांच्याच ‘किबो नो वादाची’ या १९९० मधील गाण्याची आहे. सकाळी डबा आणि छत्री घेऊन कामावर निघालेल्या माणसांच्या डोक्यावरून ती धून रोज जाते, कुणी मान वर करून पाहत नाही, आणि तरी रुळांच्या पलीकडून समुद्राचा वारा आला की तीच धून एखादा माणूस गुणगुणताना दिसतो.

आपण इथे आलात तर एक गोष्ट लक्षात येईल. शोनानची वाळू पांढरी नाही. ती राखाडी, काळपट आहे. ज्वालामुखीच्या मुलखातली वाळू अशीच असते. ओली झाली की पायाला चिकटते आणि तिचा रंग भिजलेल्या पाटीसारखा दिसतो. पाणीही चित्रांतल्यासारखे हिरवेनिळे नसते. समोर एबोशी नावाचा टोकदार खडक दिसतो, हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला फुजी दिसतो, आणि किनाऱ्याला लागून १३४ क्रमांकाचा रस्ता जातो, ज्यावर उन्हाळ्यातल्या रविवारी मोटारी मुंगीच्या पावलाने सरकतात. ज्या समुद्राची गाणी लिहिली गेली तो हा, आणि गाण्यांत जो समुद्र आहे तो दुसराच. एकाकडे पाहत दुसऱ्याची आस धरणे हे कुवाता यांच्या गाण्यांत मला पदोपदी जाणवते. त्यांनी १९९० मध्ये ‘इनामुरा जेन’ हा चित्रपट दिग्दर्शित केला, त्याचा काळ १९६५ चा आणि विषय वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या लाटेची वाट पाहणारी तरुण मुले. ‘मानात्सु नो काजित्सु’ हे त्यातले गाणे ऐन उन्हाळ्याचे म्हणवते, पण ठाय लयीतले आहे आणि गेलेल्या माणसाला उद्देशून आहे. पाऊस संपल्यानंतरच्या पहिल्या कोरड्या रात्री ते ऐकावे.

षड्जपंचम

मूळ प्रश्नात ‘चालीत नेमके कुठे’ असे विचारले आहे, त्याला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. मी हिंदुस्थानी संगीताचा विद्यार्थी आहे, पाश्चात्त्य सुसंवादाचा (हार्मनीचा) अभ्यास नंतर केला. तेव्हा आपल्या स्वरनामांतच सांगतो.

जपानमधील जुनी शालेय गीते आणि लोकप्रिय गीते यांत एक पंचस्वरी सप्तक फार आढळते. त्यात मध्यम आणि निषाद वर्ज्य, म्हणजे उरतात सा, रे, ग, प, ध. हा आपला भूप आहे. त्यामुळे मराठी कानाला जुनी जपानी गाणी ऐकताक्षणी ओळखीची वाटतात, आणि याचे श्रेय कोणत्याही गूढ नात्याला देण्याची गरज नाही, स्वर तेच आहेत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात शहरी संगीतकारांनी अमेरिकी सोल आणि जॅझकडून जो सुसंवाद घेतला, त्यात वर्ज्य ठेवलेले हेच दोन स्वर ठळकपणे परत आले. सा-ग-प या स्वरसमूहावर (कॉर्डवर) शुद्ध निषाद चढवला की जो मऊ, किंचित अस्थिर नाद होतो, तो यामाशिता, आन्री, तेत्सुजी हायाशी यांच्या गाण्यांत जागोजागी आहे. निषाद षड्जाला अगदी खेटून उभा असतो आणि तरी त्यात विरघळत नाही. सुख आणि अस्वस्थता एकाच वेळी वाटायला तेवढे पुरेसे आहे.

दुसरी गोष्ट स्वरसमूहांच्या क्रमाची. जपानी पॉपमध्ये एक क्रम इतका रूढ आहे की त्याला तिथे राजमार्ग म्हणतात: मध्यमावरचा समूह, मग पंचमावरचा, मग गंधारावरचा, मग धैवतावरचा. म, प, ग, ध. या चारही पावलांत षड्जावरचा समूह येत नाही. पंचमावर आल्यावर कानाला षड्जाची अपेक्षा असते, तिथे गंधार समोर येतो आणि पुढे धैवतावरच्या उदास (मायनर) समूहात उतरतो. घरी परतण्याची वेळ आली की दार किलकिले होते आणि वाट पुन्हा बाहेर वळते. चाल कितीही प्रसन्न असली, ताल कितीही चालता असला, तरी खाली हा न झालेला परतीचा प्रवास चालू असतो. सागरिकाताईंना ऐकून झाल्यावर जे निसटल्यासारखे वाटते, त्याचा बराचसा भाग यात आहे, आणि तो १९८१ च्या श्रोत्यालाही तसाच ऐकू येत होता.

एक उदाहरण जवळून ऐकण्यासारखे आहे. यामाशिता यांच्या ‘फॉर यू’ या जानेवारी १९८२ मधील अल्बमचे पहिले गाणे ‘स्पार्कल’, शब्द मिनाको योशिदा यांचे. सुरुवातीला फक्त एकटी गिटार आहे. तारा छेडून लगेच डाव्या हाताने दाबल्या जातात, त्यामुळे प्रत्येक आघात कोरडा आणि टोकदार येतो, आणि दोन आघातांच्या मधली शांतता तालाचाच भाग होते. वाजवणारे स्वतः यामाशिता. मग जुन आओयामा यांचे ड्रम आणि कोकी इतो यांचा बास आत येतात आणि सगळा अवकाश एकदम उजळतो. पुढे जो समूहस्वर ऐकू येतो तोही बहुतांशी यामाशिता यांचाच आवाज आहे, एकावर एक थर देऊन ध्वनिमुद्रित केलेला. बीच बॉइज या अमेरिकी गटाच्या संगीताचे ते आयुष्यभराचे अभ्यासक. भर हिवाळ्यात प्रसिद्ध झालेला हा अल्बम उन्हाळ्याचा मानदंड ठरला, यावरूनही कळते की तो ऋतू त्यांनी बाहेर पाहून लिहिलेला नाही.

रेकॉर्डप्रेमी

षड्जपंचम यांचे आभार. राजमार्गाचा हा खुलासा मी स्वरनामांत कधी वाचला नव्हता. विदिशाताईंचा जाहिरातींचा मुद्दाही मला मान्य आहे. त्यात एक भर घालतो. गाणी लोकांपर्यंत पोचण्याची वाटही त्याच वर्षांत बदलली. १९८० मध्ये तोक्योजवळच्या मिताका येथे ध्वनिमुद्रिका भाड्याने देणारे पहिले दुकान निघाले आणि पाहता पाहता अशी दुकाने देशभर झाली. विद्यार्थी तबकडी भाड्याने आणत, रातोरात कॅसेटवर उतरवून घेत आणि परत करत. एफएम रेडिओचे कार्यक्रम ध्वनिमुद्रित करण्यासाठी खास नियतकालिके निघत, त्यांत पुढच्या पंधरवड्यात कोणते गाणे केव्हा लागणार हे छापलेले असे. ‘एफएम स्टेशन’ या नियतकालिकावर एइजिन सुझुकी यांची चित्रे असत, ज्यांनी ‘फॉर यू’चे कव्हर केले तेच हे, कॅसेटच्या डबीत घालण्यासाठी त्यांच्या चित्रांची लेबलेही वाचकांना मिळत. माणसे ती कापून, त्यावर गाण्यांची नावे सुवाच्य अक्षरात लिहून, आपापला उन्हाळा स्वतः तयार करत. त्या पिढीच्या आठवणीत गाणे, चित्र आणि आपले हस्ताक्षर हे तिन्ही एकत्र असते.

सागरिका

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. म, प, ग, ध पेटीवर वाजवून पाहिले आणि जे इतके दिवस नुसते जाणवत होते ते बोटांखाली सापडले. कानागावाकर यांच्या काळ्या वाळूनंतर तर ही गाणी मला वेगळीच ऐकू येणार आहेत.

एक शंका उरते. ‘आओइ सांगोशो’ वा ओमेगा ट्राइबच्या गाण्यांत उन्हाळा ऐन भरात आहे. कानागावाकर म्हणतात तो उन्हाळ्याचा शेवट थेट विषय म्हणून आलेले, आणि सर्वसामान्य जपानी माणूस ज्याला उन्हाळी गाणे म्हणून पहिले सांगेल असे, एखादे गाणे आहे का? आणि ऐकण्याचा क्रम कसा ठेवावा, तेही कृपया सांगावे.

कानागावाकर

सागरिकाताई, आपल्या शंकेला माझे उत्तर एकच: योसुई इनोउए यांचे ‘शोनेन जिदाई’. ते सप्टेंबर १९९० चे आहे, म्हणजे आपल्या दशकाच्या अगदी उंबरठ्यावरचे. उन्हाळा सरला आहे इथूनच ते सुरू होते. शाळेच्या संगीताच्या पुस्तकांत ते आले आहे, त्यामुळे आजी आणि नातू दोघेही ते सोबत म्हणू शकतात, आणि हे इथे फार थोड्या गाण्यांच्या बाबतीत घडते. ज्या चित्रपटासाठी ते लिहिले गेले तो मासाहिरो शिनोदा यांचा, त्याच नावाचा; युद्धकाळात तोक्योहून तोयामा प्रांतातल्या खेड्यात पाठवलेल्या मुलाची ती गोष्ट आहे. गाण्यात युद्धाचा उच्चार नाही. पण ज्यांचे बालपण तशा उन्हाळ्यात गेले त्यांना तो ऐकू येतो, आणि ज्यांचे नाही गेले त्यांना आपली सुट्टी आठवते. ते लगेच गाजले नाही. पुढच्या वर्षी सोनीच्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या जाहिरातीत वाजू लागले तेव्हा ते घराघरांत गेले, म्हणजे इथेही विदिशाताईंचा मुद्दा लागू पडतो.

क्रमाविषयी माझे मत असे. प्रथम ‘आओइ सांगोशो’ आणि त्यानंतर सेइको मात्सुदा यांचीच १९८१ आणि १९८२ ची उन्हाळी गाणी, ‘शिरोइ पारासोरु’ आणि ‘कोमुगीइरो नो मर्मेड’, लक्ष देऊन ऐकावीत. या दोन्हींचे शब्द ताकाशी मात्सुमोतो यांचे आहेत आणि दुसऱ्याची चाल युमी मात्सुतोया यांनी टोपणनावाने दिली आहे. लोकप्रिय किशोरवयीन गायिका आणि ज्यांच्या अमेरिकी वळणाच्या शहरी संगीताला आज सिटी पॉप म्हणतात ते कलावंत, अशी जी भिंत परदेशी श्रोते उभी करतात, ती त्या काळी नव्हती हे या दोन गाण्यांवरून कळते. तीच माणसे दोन्हीकडे काम करत होती. मग ‘अ लाँग व्हेकेशन’ पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, सुटी सुटी गाणी न निवडता. त्यानंतर ‘फॉर यू’, मग १९८३ पासूनचा ओमेगा ट्राइब आणि आन्री यांचा ‘टाइमली’, आणि शेवटी १९९० ची दोन गाणी, ‘मानात्सु नो काजित्सु’ व ‘शोनेन जिदाई’, लागोपाठ. १९८६ चे ट्यूब या गटाचे ‘सीझन इन द सन’ मध्ये केव्हाही ऐकावे. ते स्टेडियममध्ये हजारोंनी एकत्र गाण्याचे गाणे आहे, हेडफोनवर त्याचा अर्धाच अनुभव येतो.

एक व्यावहारिक सूचना. ओताकी यांचे अल्बम मार्च २०२१ पासून ऑनलाइन ऐकण्याच्या सेवांवर आले आहेत, पण यामाशिता यांनी आपले संगीत तिथे देण्यास ठामपणे नकार दिला आहे. ‘फॉर यू’सह त्यांचे सुरुवातीचे अल्बम २०२३ मध्ये नव्याने तबकडी आणि कॅसेट या दोन्ही रूपांत निघाले. पुण्यामुंबईचे कुणी ओळखीचे तोक्योला येत असेल तर जुन्या सीडीच्या दुकानातून ‘फॉर यू’ आणायला सांगावे. गीतांची छापील पुस्तिका आत आहे ना, हे मात्र घेण्यापूर्वी उघडून पाहायला सांगा, कारण जपानी वाचणाऱ्याला तिचा उपयोग सर्वांत जास्त आहे.